अस्तराचा सूर

माझं काम कानांचं. इस्पितळाच्या तळमजल्यावर जाड दाराची एक खोली आहे. आत एक खुर्ची, खुर्चीत माणूस, त्याच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण. काचेच्या अलीकडे मी. मी बारीक बारीक आवाज सोडते आणि सांगते, ऐकू आला की बटण दाबा. त्याने दाबलं की माझ्या बाजूला हिरवा दिवा लागतो. बावीस वर्षांत एवढं कळलंय, की या खुर्चीत माणसं खोटं बोलतात. ऐकू आलं नाही तरी दाबतात. परीक्षाच ती, नापास व्हायला कोणाला आवडतं?

गेल्या वर्षी त्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ बसला. त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

मी अजून एकही आवाज सोडला नव्हता.

"चिमण्या," मी माइकवर म्हटलं, "काय ऐकतोयस?"

"शिट्टी. तूच वाजवतेयस ना?"

"नाही रे."

त्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. मग म्हणाला, "म्हणजे ती माझ्याच आतली."

चिमण्या हे घरचं नाव. जन्मला तेव्हा त्याचं रडणंसुद्धा शेजारच्या खोलीत पोचत नसे. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता आपल्याच मनाचं काहीतरी जुळवून म्हणायची :

बाळाच्या गळ्यात माझ्या चिमणी बोलते
एवढ्याशा बोलानं गं घर हे डोलते

पोस्टरवर मात्र तो वणवा. अठरा वर्षं वणवा. खांद्यावर रुळणारे केस, गळ्यात गिटार आणि मैदानाच्या पलीकडच्या इमारतींच्या काचा थरथरवणारा आवाज. मी त्याची बहीण आहे हे कळलं की माझे पेशंट म्हणायचे, "आमचे कान तुमच्याच भावाने घालवले बाई, आता तुम्हीच दुरुस्त करा."

तपासणी झाल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वरच्या पट्टीतले आवाज त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हते. मी कागद दाखवला. त्याने तो न बघताच घडी करून खिशात घातला आणि एका संध्याकाळची गोष्ट सांगितली.

स्टेजवर गाणाऱ्याच्या कानात एक छोटं यंत्र असतं. त्यात काय ऐकू यावं हे गाणाराच ठरवतो. "माझं सांगणं ठरलेलं," तो म्हणाला. "माझा आवाज वर, बाकी सगळे खाली. दर वर्षी बाकीचे अजून खाली. शेवटी ड्रमसुद्धा नकोसे झाले. त्या संध्याकाळी तिसऱ्या गाण्यात ते यंत्र बंद पडलं. मी ओढून काढलं. आणि ताई, तीस हजार माणसं गात होती. माझंच गाणं. कोणी पुढे, कोणी मागे, निम्मे बेसूर. मी गप्प होतो. मला वाटलं, आता गाणं कोसळणार. नाही कोसळलं. गेलं की पुढे."

"मग?"

"मग डोक्यावरचं पोतं कोणीतरी उतरवून ठेवावं तसं वाटलं. आणि वाटलं, मी चालवत नव्हतो, तर चालवत कोण होतं?"

"ड्रमवाला," मी म्हटलं.

तो हसला. "मीही स्वतःला तेच सांगितलं. महिनाभर पुरलं ते उत्तर. मग पुरेना."

तो माझ्याकडे राहायला आला तो असा. दोन पेट्या, एक गिटार. गिटार कपाटावर गेली आणि तिथेच राहिली.

आमच्या गल्लीच्या टोकाला प्रार्थनाघर आहे. मी तिथे जाते, पण खरं सांगायचं तर बाकं रुंद आहेत, पंखे बरे आहेत आणि तासभर कोणी काही मागत नाही म्हणून. माझी श्रद्धा बाकाएवढीच. एकदा तो सहज माझ्याबरोबर आला. तिथे गाण्याआधी बराच वेळ सगळे नुसते गप्प बसतात. मी नेहमीप्रमाणे डुलकी काढली. परतताना तो म्हणाला, "शिट्टी होतीच. पण मी तिला म्हटलं, तू वाज, मी दुसऱ्याचं ऐकतोय."

"कोणाचं?"

"कळलं की सांगतो."

त्यानंतर तो रोज सकाळी जाऊ लागला. बाकं पुसायचा, खिडक्या उघडायचा, बसून राहायचा. परत येताना चेहरा असा असे, की जणू कोणीतरी त्याची वाट बघत होतं आणि हा वेळेवर पोचला होता. दोन महिन्यांनी त्यानेच सांगितलं, "ताई, आहे कोणीतरी. मला त्याच्यासाठी गायचंय. समोर उभं राहून नाही, त्या अकरा जणांच्यात."

ते अकरा जण म्हणजे प्रार्थनाघराचे गाणारे. त्यांना शिकवते शिंपीणकाकू. बुधवारी संध्याकाळी मशीन बंद झालं की तिच्याच दुकानात सराव होतो. कापडाचे तागे भिंतीला सारलेले, कापायच्या टेबलावर खडूच्या रेघा, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा अर्धवट कोट घालून उभा. काकूच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. त्या टाचण्यांसकट ती सूर देते.

पहिल्या बुधवारी मी बरोबर गेले. अकरांतला एक आमच्या गल्लीचा पोस्टमन; भावाला त्याच्या शेजारी उभं केलं होतं. पोस्टमन म्हणाला, "वणवा शेजारी आला. आता आमचं गवत काही उरत नाही."

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला एकजण थांबला. मग आणखी दोन. चौथ्या ओळीपर्यंत माझा भाऊ एकटाच गात होता आणि बाकीचे त्याच्याकडे बघत होते.

काकूने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "छान आहे आवाज. आता जा, मैदानात गा."

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काकू, मी हळूच गात होतो."

"हळू असेल. पण इथे आम्ही लोकांना ऐकवायला गात नाही. आणि ज्याला ऐकवायचं, त्याचे कान शाबूत आहेत." तिने पुतळ्यावरचा कोट काढून उलटा केला. आतलं राखाडी अस्तर दिसलं. "लोक बघतात कापड. पण अंगाला काय लागतं? हे. आणि हे बाहेरून दिसलं, तर शिंपी नापास. तीन रविवार आहेत. तिसऱ्या रविवारी आमच्यात गा. वेगळा दिसला नाहीस, तर जागा तुझी. दिसलास, तर बाकावर बसून ऐक. ऐकणाऱ्यालाही देव आहेच की."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तो म्हणाला, "जमणार नाही मला. कमी केलं की मी मलाच ऐकू येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो, हे मी पेशंटच्या घरच्यांना दिवसातून चार वेळा सांगते. "अरे, काकूला वाटतं तुझा तोरा आहे. पण हे कान आहेत."

"दोन्ही आहे, ताई," तो म्हणाला.

त्या दुपारी डाक वाटून झाल्यावर मी पोस्टमनला इस्पितळात बोलावलं. जाड दाराच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. पोस्टमनने गायचं, भावाने बरोबर गायचं आणि पोस्टमनचा आवाज ऐकू येतोय तोवर बटण दाबून धरायचं. सुटलं की दिवा विझणार. दिवा विझला म्हणजे हा जास्त झाला. एवढंच शास्त्र.

पहिल्या दिवशी दिवा काजव्यासारखा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशीही. पुढच्या आठवड्यात भावाने गाणं मध्येच सोडलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"याचं ऐकलं की मी गातोय की नाही तेच कळत नाही," तो म्हणाला. "आवाज निघतोय की नुसतं तोंड हलतंय, काही कळत नाही. भीती वाटते मला."

मी काचेच्या अलीकडून थांबायची खूण केली.

पोस्टमनने रुमालाने मान पुसली. "मी तीस वर्षं पत्रं टाकतोय. दाराच्या फटीतून आत सारतो आणि पुढे जातो. वाचलं का, रडले का, हसले का, बघायला थांबलो असतो तर पहिल्या गल्लीतच म्हातारा झालो असतो." मग म्हणाला, "म्हातारा झालोच, ते सोडा. पण पत्रं पोचली."

भावाने बटण पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, "पहिल्यापासून."

त्या दिवशी पहिलं कडवं संपेपर्यंत दिवा लागलेला राहिला. मी काचेमागे श्वास रोखून बसले होते, जणू फुंकर लागून दिवा विझेल.

तिसऱ्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, भावाचा मॅनेजर आला. मॅनेजर वाईट माणूस नाही. अठरा वर्षं त्याने माझ्या भावाची झोप, जेवण आणि भांडणं सांभाळली. फोन टेबलावर उलटा ठेवून तो म्हणाला, "सहा महिने झाले. लोक विसरतात, भाऊ. दौरा नको तर नको. देवाचीच गाणी गा, त्याचा अल्बम काढू. वणवा शांत झाला, असं नाव देऊ. पोस्टर तयार आहे माझ्या डोळ्यांसमोर."

"पोस्टरवर कोण?" भावाने विचारलं.

"तूच, दुसरं कोण? डोळे मिटलेला."

"मग वणवा कुठे शांत झाला?"

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही तरी समजवा. रविवारी मी येतो, गाणं रेकॉर्ड करतो, कंपनीला ऐकवतो. आवाज शाबूत आहे एवढं त्यांना कळलं की पुरे."

"कर रेकॉर्ड," भाऊ म्हणाला. "त्यात मी तुला सापडलो, तर येतो तुझ्याबरोबर."

मॅनेजर गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. असली पैज कशाला? दिवा अजून तिसऱ्या कडव्याला दगा देतो, माहीत नाही का?

"सापडलो, तर काकू मला घेणार नाही," तो म्हणाला. "आणि सापडलो याचा अर्थ मी अजून तिथलाच आहे. मग इथे बसून तरी काय करू?"

रविवारी मी डुलकी काढली नाही. मॅनेजर माझ्या शेजारी मांडीवर फोन घेऊन बसला. बारा जण उभे राहिले. भाऊ दुसऱ्या रांगेत, केस बांधलेले. त्याचा उजवा हात पँटच्या शिवणीशी होता आणि अंगठा शिवणीवर दाबलेला. बटण नव्हतं, दिवा नव्हता. फक्त अंगठा. मी त्याच्यावर नजर लावली.

पहिलं कडवं. अंगठा दाबलेला. बारा आवाजांचं एकच कापड पसरत गेलं आणि त्यात तो कुठे आहे, हे मला, बावीस वर्षं आवाज हुडकणारीला, कळेना. दुसरं कडवं. दाबलेला. मी नकळत बाकाची कड घट्ट धरली होती. कोणाला तरी म्हणत होते, सांभाळ याला. कोणाला, ते कळलं की सांगेन.

तिसऱ्या कडव्यात अंगठा सुटला. फार तर दोन शब्द. मग पुन्हा शिवणीवर आला आणि शेवटपर्यंत हलला नाही.

बाहेर पायऱ्यांवर मॅनेजरने रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. मग इयरफोन माझ्यापुढे धरले. "ताई, तुम्ही कानांच्या. सांगा, कुठे आहे हा?"

मी ऐकलं. तिसऱ्या कडव्यात, दोन शब्दांपुरता, एक धागा बाहेर आला होता. राखाडी अस्तराचा, केसाएवढा. आईला तो झोपेतही ओळखू आला असता.

"नाही सापडत," मी म्हटलं.

मॅनेजर पायरीवर बसला. त्याने बुटांच्या नाड्या सैल केल्या. "कंपनीला काय सांगू?"

"सांगा, आवाज आहे, पण वेगळा काढता येत नाही."

त्याने इयरफोन गुंडाळले. मग म्हणाला, "खरं सांगू ताई, मलाही झोप हवी होती." आणि फोन बंद करून खिशात ठेवला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण फोन बंद करताना पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात काकू आली. तिने भावाला खालपासून वरपर्यंत असं न्याहाळलं, जणू माप घेतेय.

"तिसऱ्या कडव्यात जरासा उसवलास," ती म्हणाली.

भावाने मान खाली घातली. "हो, काकू."

"दोन टाके. बुधवारी ये, घालून टाकू. आणि केस बांधूनच येत जा, मशीनमध्ये अडकतील."

ती गेली. भाऊ तसाच उभा राहिला. मग दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि हसू लागला, शाळा सुटल्यासारखा.

घरी जाताना तो म्हणाला, "काकूला कळलं, म्हणजे तुलाही कळलं असणार."

"मला कुठे काय कळतंय? कान थकलेत माझे. एकदा तपासून घ्यायला हवेत."

"खोटारडी."

"शिट्टी वाजतेय का अजून?" मी विचारलं.

"वाजतेय."

"मग?"

"वाजू दे," तो म्हणाला आणि पुढे काहीतरी पुटपुटला. फार बारीक. मला वळून विचारावं लागलं, "काय म्हणालास?"

"तुला नाही म्हटलं," चिमण्या म्हणाला.