पहिलं पुस्तक संपता संपेना

कागदावर बघाल तर सगळं झकास होतं. फ्रेंचची पुस्तकं तीन, वर्षं पाच. पहिलं पुस्तक खालच्या मजल्यावर बाईंनी दोन वर्षांत संपवायचं, उरलेली दोन वरच्या मजल्यावर सरांनी तीन वर्षांत. त्या शाळेत फ्रेंचचे शिक्षक वर्गाबरोबर पुढे जात नसत, पुस्तकाला चिकटलेले असत. पुस्तक बदललं की बाई सुटायच्या आणि सर यायचे. आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खायचं, कारण तिसऱ्या वर्षाची सहामाही उलटली तरी बाईंचं पहिलं पुस्तक काही संपत नसे.

बाई आळशी होत्या म्हणाल, तर मुळीच नाही. उलट मरमर राबायच्या. धडा झाला की उजळणी, उजळणीवर चाचणी, चाचणीत दोन पोरं अडखळली की अख्खा वर्ग पुन्हा मागच्या पानावर. मुलांना कसं पक्कं आलं पाहिजे, असं त्या स्टाफरूममध्ये ठणकावून सांगायच्या, आणि त्यांच्या मुलांना पक्कं यायचंही. पण खरी गोम वेगळीच होती. बाईंना ती पोरं सोडवत नसत. वर्ग वर पाठवायची वेळ आली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि मग हमखास एखादी उजळणी निघायची.

वरच्या सरांना पोरं ‘एक्सप्रेस’ म्हणायची. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? उशिरा हाती आलेला वर्ग घेऊन दोन जाडजूड पुस्तकं शेवटच्या परीक्षेआधी उरकायची म्हणजे तोंडाला फेस येणारच. दर वर्षी ते खाली येऊन गोडीगुलाबीनं सांगून बघायचे. बाई हो हो म्हणायच्या, आणि दोन दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

यंदा मात्र टकळीनं फ्रेंच सोडलं.

टकळी म्हणजे बाईंची एके काळची लाडकी विद्यार्थिनी. फ्रेंचमध्ये तिच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की हे नाव बाईंनीच ठेवलेलं. तिची धाकटी बहीण आता बाईंच्या वर्गात होती, तिसऱ्या वर्षाला नुकतीच लागलेली. ताईनं नव्या वर्षात विषयच बदलला, हे बाईंना त्या धाकटीकडूनच कळलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पळवून पळवून दमवली असणार पोरीला, दुसरं काय! मधल्या सुट्टीत त्यांनी टकळीला जिन्यात गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, वर तुला धड शिकवत नाहीत ना?

टकळी मान खाली घालून उभी राहिली. ही पोर गप्प राहते, हेच बाईंना नवं होतं.

“सर चांगले आहेत, बाई,” ती शेवटी म्हणाली. “पण खाली मला सगळं यायचं. न समजता पुढे गेलो असं कधी झालंच नाही. वर रोज काहीतरी समजायचं नाही. मला वाटलं, मीच मठ्ठ आहे.”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि घंटा झाली तरी तो काढायचं त्यांना सुचलं नाही.

दिवसभर त्यांना स्वतःचीच चीड येत राहिली. पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं, पण एखादी गोष्ट आज कळली नाही तर उद्या कळेल, एवढा धीर धरायला काही शिकवलं नाही. वर सरांच्या वाटणीचा वेळही आपणच खाल्ला. आणि आता हा वर्गही, टकळीच्या बहिणीसकट, त्याच वाटेला लागला होता. ही पोरं तरी वाचायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जिना चढून वर गेल्या. त्यांना दारात बघून सर चपापलेच. आता कशावरून भांडण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. बाईंनी सांगितलं, वर्ग आजपासूनच घ्या.

“पण तुमचे चार धडे राहिलेत ना?” सर म्हणाले.

“राहिलेत. ते तुम्ही शिकवा.”

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची पुढे केली आणि हळूच म्हणाले, हातात अर्धं वर्ष जास्त मिळालं तर मीही जरा दमानं घेईन. टकळीला परत यायचं असेल, तर तिच्यासाठीही वेळ काढीन. बाईंनी मान हलवली, पण बसल्या नाहीत. बसलो तर मन फिरेल, याची त्यांना धास्ती होती.

खाली पोरं दप्तरं भरून उभी राहिली. कुणी हसत होतं, कुणी कुरकुरत होतं. सगळे बाहेर पडले तरी टकळीची बहीण पुस्तक उघडं धरून बाईंच्या टेबलापाशी रेंगाळली. कालचं हे नीट समजलं नाही, म्हणाली, जाण्याआधी एकदाच सांगा ना.

बाईंचा हात आपसूक खडूकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

“नाही समजलं ना? असू दे,” त्या म्हणाल्या. “तसंच घेऊन जा वर.”