दरोड्याला पाच लागतात

गावातला एक माग बंद पडला की आमची बँक हातभर लांबते. इचलकरंजीत याचं कुणाला नवल वाटत नाही. त्या उन्हाळ्यात माग ओळीने बंद पडत होते, आणि बँकेच्या दारातून आत शिरलेला माणूस कॅश काउंटरपर्यंत पोचता पोचता घामाघूम व्हायचा. म्हणून बँकेने वाटेत एक माठ ठेवला होता.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे हेड कॅशियर होते. मी कॉलेजात शिकवते. सुट्टी लागली होती, त्यामुळे त्यांचा डबा घेऊन मीच जात होते.

बँकेला ही लांबी कुठून मिळते तेही मला माहीत होतं. ती आमच्या घरातून जात होती. बँक हातभर लांबली की संध्याकाळी आमचं घर हातभर आखूड झालेलं असायचं. आधी मागचा व्हरांडा गेला. मग आईचं शिवणयंत्र ठेवलेली खोली गेली. मग पुढचा, बैठकीचा सोपा निम्मा झाला. एकदा जेवताना मी म्हणाले, "अप्पा, तुमच्या बँकेनं आज माझं पुस्तकांचं कपाट नेलं."

"बँकेला लागत असंल," ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

घरात ते एवढंच बोलायचे. मीठ बरोबर आहे, पंखा कमी कर, उद्या सायकलला तेल घालायचंय. आणि सकाळी निघताना दारातून "येतो." आई होती तोवर ती आतून "या" म्हणायची. आई गेल्यावर ते उत्तर माझ्याकडे आलं. मी ते दिलं नाही. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालावा, विंचरलेल्या केसांवरून पुन्हा एकदा कंगवा फिरवावा, चपला पुसाव्यात आणि तिच्याकडे, त्या बँकेकडे निघावं, आणि वर मी "या" म्हणावं? मी नुसती मान हलवायची. पाठमोऱ्या माणसाला मान हलवलेली दिसत नाही.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी काहीच झालं नाही. मी डबा घेऊन पोचले तेव्हा मॅनेजर कुडचे अप्पांच्या काउंटरच्या जाळीपाशी उभे होते. हातात पेपर होता.

"शिरगुप्पे, हे वाचा. मंदी आली की बँकांवरचे दरोडे वाढतात. मी वर लिहून आणखी एक वॉचमन मागितलाय."

"वाढत न्हाईत, साहेब," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय दरोडेखोर विचारून जातात?"

"दरोड्याला पाच माणसं लागतात. कायद्यातच आहे तसं. चौघं असली तर ती नुसती जबरी चोरी. दिवस बरे असले की पाच जण जमतात, गाड्यावर चहा पितात, एकमेकाला शिव्या देतात, ठरवतात. मंदीत माणूस दार लावून आपल्या घरात बसतो. शेजाऱ्याला तोंड दाखवत न्हाई. चौघं कशीबशी जमतील. पाचवा कुठला आणायचा?"

कुडचे हसले. "म्हणजे मंदी आपल्या पथ्यावरच की."

"आपल्या हाय. पण त्यांचं अवघड हाय बघा," अप्पा म्हणाले.

इतकी सलग वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पिशवी दोन्ही हातांत धरून मी उभी होते. त्यांचं लक्ष गेलं.

"अंबाडीची भाजी आहे," मी म्हणाले.

"ठेव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डबा अप्पांच्या हातात देत असतानाच दरोडेखोर आले. दारात आधी चार ठिपके दिसले. बँक एवढी लांब होती की सगळ्यांना आपापली कामं उरकायला वेळ मिळाला. वॉचमन चहाला गेला. एका बाईने पासबुक भरून घेतलं. चौघं माठापाशी थांबले, पाणी प्याले, भांडं पुन्हा माठावर पालथं ठेवलं आणि पुढे आले. तोंडाला कोऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. भुवयांवर सुताचा तूस होता. पुढच्याच्या हातात धोटा होता, मागातून आडवा धावणारा, दोन्हीकडून टोकदार. तो त्याने पिस्तुलासारखा धरला होता.

"हात वर," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "किती जण आहात?"

"चौघं."

"मग ही जबरी चोरी झाली."

"म्हंजे?"

"दरोडा न्हाई हा. दरोड्याला पाच लागतात."

पुढच्याने तोंडावरची पट्टी खाली ओढली. त्याचं नाव साताप्पा, हे मला नंतर कळलं. "आम्ही घरात दरोडा म्हणून सांगून आलोय वो," तो म्हणाला. "दिवाळीपास्नं पाचवा हुडकतोय. ज्याला त्याला आपलं पडलंय. सख्खा मेव्हणा न्हाई म्हणाला."

"दारावर टकटक केली तर दिवा घालवतात लोक," मागचा एक जण म्हणाला.

अप्पांनी ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ल्या खिळ्याला अडकवल्या, जाळीचं दार उघडलं आणि डबा घेऊन बाहेर आले. ते त्या चौघांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रांग सरळ दिसावी म्हणून थोडे मागे सरकले.

"शिरगुप्पे, हे काय चाललंय?" कुडचे म्हणाले.

"पाचवा कमी पडतोय, साहेब."

साताप्पाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्याने धोटा खाली ठेवला आणि अप्पांना मिठी मारली. पाच झाल्याच्या आनंदात ते काही न्यायचं विसरले आणि तसेच माघारी दाराकडे वळले.

"येतो, पद्मा," अप्पा म्हणाले.

मी मान हलवली.

कुडच्यांनी तिजोरी तपासली, ड्रॉवर तपासले, पंखेसुद्धा तपासले. "काही गेलं नाही," ते म्हणाले. "देवाची कृपा. काहीच गेलं नाही."

"अप्पा गेले," मी म्हणाले.

"ते सोडून," ते म्हणाले.

संध्याकाळी शेजारणीने पिठलं-भात आणून दिला. "अप्पा गेले म्हणे."

"दरोड्याला गेले."

"आई गं," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वयही झालं होतं त्यांचं."

त्या रात्री घर एवढं आखूड झालं की अप्पांची खाट माझ्या खाटेला येऊन टेकली.

ते अजून बँकेतच आहेत हे मला सुट्टी संपायच्या सुमाराला कळलं. माग बंद पडतच होते. ते जेवढं चालत तेवढं दार पुढे सरकत होतं, त्यामुळे त्यांचं बाहेर पडणं झालं नव्हतं. स्टाफच्या मागच्या दाराने आत जाऊन काउंटरपाशी उभं राहिलं की दूरवर पाच पाठी दिसायच्या. मी त्यांच्या मागे चालत गेले. पण लांबी नेमकी माझ्या आणि त्यांच्या मधे वाढत होती. माठाच्या पुढे मला जाता आलं नाही.

ऐकू मात्र सगळं यायचं. गावात मागांचा खडखडाट फारसा उरला नव्हता, तेव्हा इतक्या लांबूनही शब्दन् शब्द कळायचा. दुपारी ते पाचही जण फरशीवर बसत आणि माझा डबा उघडत. त्या डब्यातलं अन्न संपत नव्हतं.

"भाजी कुणी केली रे अप्पा?" साताप्पा विचारायचा. तो त्यांना अरे-तुरे करायचा.

"माझ्या लेकीनं. तिच्या हाताला चव हाय," अप्पा म्हणाले.

मी माठाचा काठ धरला. सोळा वर्षं मी त्यांना जेवायला घालत होते, आणि ही गोष्ट त्यांनी साताप्पाला सांगितली.

अप्पा त्या चौघांच्या आयांची गुडघेदुखी विचारायचे. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत आपला फेटा गाढवाने खाल्ला होता, ते सांगायचे. मला हे नवं होतं. आईने लग्नात कुठलं पातळ नेसलं होतं तेही त्या चौघांना माझ्याआधी कळलं. एकदा ते पंचगंगेबद्दल बोलत होते. "दिसायला नद्या चारच बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती. ती गुप्त हाय. पण ती धरल्याशिवाय पंचगंगा म्हणत न्हाईत." हे मी पुस्तकात वाचलं होतं. घरात एक माणूस हे सांगणारं असताना मी ते पुस्तकात वाचलं होतं.

मग ते पाचही जण हसायचे. अप्पांचं हसणं वेगळं ओळखू यायचं, कारण ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"रोज कशाला येता, मॅडम?" कुडचे म्हणाले. "घरी बसा. विसर पडेल."

"घरी बसायला जागा नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. अप्पांची खाट मला उभी करून ठेवावी लागली होती. मी कुशीवर झोपत होते. स्वयंपाक उंबऱ्यावर करत होते. माझ्या वाटणीची सगळी लांबी तिकडे त्यांच्या पायांखाली होती आणि ते चौघं तिच्यावरून माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात टाकून चालत होते.

गावातला शेवटचा माग एका सकाळी बंद पडला. मी जागी होते. धडधड थांबल्यावर भिंतीने माझ्या पाठीला स्पर्श केला आणि तीही थांबली. आता घर म्हणजे मी, उभी केलेली खाट आणि दार एवढंच उरलं होतं. दारापलीकडून पावलं ऐकू आली. रस्त्यावरची नव्हती ती. फरशीवरची होती.

मी कडी काढली. बाहेर रस्ता नव्हता. बँकेचं दार येऊन आमच्या उंबऱ्याला टेकलं होतं आणि त्यातून ते पाच जण समोरून येत होते. या वेळी त्यांची तोंडं माझ्याकडे होती. अप्पा मधे होते. त्यांच्या भुवयांवरही तूस बसला होता. हातात डबा होता.

"अक्का, बाजूला व्हा," साताप्पा म्हणाला. "भाईर पडायचंय."

"हे माझं घर आहे."

"बँकेचं दार हितंच उघडतंय. आम्ही काय करणार?"

"इथे एक माणूस मावेल," मी म्हणाले. "अप्पांना सोडा. तुम्ही परत जा."

साताप्पाने मागे वळून त्या लांबीकडे बघितलं. दुसरं टोक दिसत नव्हतं. "मग आम्ही चौघंच की."

"मग ती जबरी चोरी," अप्पा म्हणाले, आणि ते पाचही जण हसले. एकाच वेळी सुरू झाले, एकाच वेळी थांबले. पुष्कळ दिवस एका ताटात जेवणारी माणसं हसतात तसे.

मी उंबऱ्यावरून हलले नाही. अप्पा पुढे आले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. तो धुतलेला होता. त्यांच्यामागे ते चौघं उभे होते. गावात एकही माग चालत नव्हता.

"येतो, पद्मा," अप्पा म्हणाले आणि थांबले. या वेळी त्यांची पाठ माझ्याकडे नव्हती.

एकट्याला बोलवायचं तर "ये" म्हणायला हवं होतं. साताप्पा सहज म्हणाला असता. मी जन्मात कधी त्यांना एकेरी हाक मारली नव्हती. मी डबा छातीशी धरला आणि तोंड उघडलं.

"या," मी म्हणाले.

पाचही जणांनी एकदम पाऊल उचललं.