डबीतलं शेवटचं नाणं

पारख्याने नाणं कडांना चिमटीत धरलं आणि दिव्याखाली हलकेच कलतं केलं. झळाळी चाकासारखी गरगर फिरली. नाणं कोरं होतं, चलनात न फिरलेलं; पण प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं, नव्हतं. पापणी लवायच्या आत त्याला ते कळलं. तरी त्याने भिंग डोळ्याला लावलंच.

समोरच्या स्टुलावर बाई बसल्या होत्या. नवऱ्याच्या मागे राहिलेल्या डबीतलं प्रूफ नाणं कुठलं आणि साधं कोरं कुठलं, एवढंच त्यांना निवडून हवं होतं. पहिल्याच दिवशी साऱ्या डबीचा निकाल लागला असता. पण पारखी म्हणाला होता, डोळे थकतात हो, दर मंगळवारी एकेकच आणा. तेव्हापासून मंगळवारी तो दाढी करून येई, स्टूल दोनदा पुसे. बाकीचे दिवस दुकानात घड्याळ तरी बोले. घर मात्र खायला उठे.

नाण्यागणिक बाई नवऱ्याची एखादी खोड सांगत. नाण्यांसाठी हातमोजे होते त्यांच्याकडे, थंडीत बायकोला द्यायला नव्हते, म्हणून हसत. मग पारख्यालाही आपली गेलेली बायको आठवे, आणि आठवलेलं कुणाला तरी सांगता येई.

आज डबी रिकामी झाली होती.

चाळीस वर्षांत नाण्याच्या बाबतीत तो खोटं बोलला नव्हता. देवापुढे उभं राहायला आपल्यापाशी तेवढंच आहे, असं त्याला वाटे. भिंग खाली ठेवलं, पण मान काही वर झाली नाही.

"आज नक्की सांगता येत नाही, बाई. सकाळच्या उजेडात बघावं लागेल."

बाईंनी नाणं त्याच्या हातून घेतलं. कडांना धरलं. अगदी त्याच्यासारखंच कलतं केलं.

"प्रूफ असतं तर मोकळी जागा आरशासारखी दिसली असती आणि चित्र दुधाळ. कडही धारदार लागली असती. हे साधं कोरं आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं दर रविवारी ह्यांच्याकडून हेच ऐकलंय. कान किटले होते माझे."

पारख्याने फडका उचलला आणि लखलखीत भिंग पुन्हा पुसायला घेतलं. म्हणजे पहिल्या मंगळवारपासूनच बाईंना सगळं दिसत होतं.

बाईंनी नाणं कागदात गुंडाळलं. डबीत न टाकता ते त्याच्यापुढे सरकवलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"सकाळी म्हणजे किती वाजता येऊ?"