सुगंधाबाईची घोडी

मी घोडी बोलतेय. हसलात ना? हसा. मला शेपूट नाही, खोगीर नाही, आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन मी कधी वरातीत नाचले नाही. मला तीन लोखंडी पाय आहेत, पायांवर एक गोल कडं आणि कड्याला आकडे. चोपड्याच्या बाजारात रतिलालशेठच्या किराणा दुकानात, काट्याच्या शेजारी मी उभी असते. तुम्ही घरून आणलेल्या पिशवीचं तोंड माझ्या कड्यावर दुमडायचं, आकड्यांत अडकवायचं, आणि मग वरून गहू ओता नाहीतर तांदूळ ओता, दाणा बाहेर सांडणार नाही. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामावरून गावात किती तोंडं वाजली ते ऐका.

मी येण्याआधी हे काम माणसंच करायची. एकानं पिशवीचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं ओतायचं. शेठकडे वना तोंड धरायचा आणि त्याची बायको सुगंधाबाई काट्यावरचा माल ओतायची. दिवसभर नवराबायको समोरासमोर आणि मध्ये पिशवी. दोघांची भांडणंही पिशवीवरूनच व्हायची म्हणे. मी ती ऐकली नाहीत, कारण वना होता तोवर माझी गरजच नव्हती.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात वनाला कावीळ झाली आणि तो गेला. तेराव्याचे दिवस झाल्यावर सुगंधाबाई पुन्हा दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. रतिलालशेठ काही राक्षस नव्हता. काट्याला खरा, जिभेला गोड. पण हाडाचा धंदेवाला.

"बाई, हे एकट्याचं काम नाही," तो म्हणाला. "दोन हातांत तू पिशवी धरशील की माल ओतशील? जोडीदारीण आण, नाहीतर दुसरीकडे काम बघ."

जोडीदारीण कुठून आणणार? जी येईल तिला मजुरी हवीच, आणि शेठ देणार एकाचीच. सुगंधाबाई घरी गेली. अंगणात वनाची मोडकी बैलगाडी पडली होती. तिच्या चाकाच्या मधोमध असतो त्या तुंब्यावरचं लोखंडी कडं तिनं दगडानं ठोकून ठोकून काढलं, पदरात घेतलं आणि धनसिंग लोहाराच्या भट्टीसमोर नेऊन टाकलं.

"मना दोनच हात शेतस, धनसिंगभाऊ," ती म्हणाली. "पिशवीनं तोंड धरी ऱ्हाई असं काई करी दे."

धनसिंगनं कडं उलटसुलट करून पाहिलं. कुठून तरी सळया आणल्या, तापवल्या, वाकवल्या आणि तिथल्या तिथे पायांची मापं सुगंधाबाईच्या मांडीला लावून घेतली. तिला वाकावं लागू नये म्हणून. आकडे कमी बसवले असते तरी चाललं असतं, पण लोहार हट्टी, कडंभर बसवले. असा माझा जन्म. मोडक्या गाडीच्या लोखंडाची आहे, लपवत नाही. ज्यांना आपल्या घराण्याची फुशारकी मारायची त्यांनी मारावी.

दुसऱ्या दिवशी ती मला डोक्यावर घेऊन दुकानात आली. काट्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "शेठ, हाई मनी जोडीदारीण."

शेठनं मला हलवून पाहिलं. पायानं ढोसूनही पाहिलं. मी पडले नाही. त्यानं गव्हाची एक मोठी पिशवी भरायला लावली, मी ती धरली. मग त्यानं पुढची पिशवी तिच्याकडे सरकवली आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला. त्याच्याकडून एवढं खूप झालं.

तेव्हापासून आम्ही दोघींनी अख्ख्या तालुक्याच्या पिशव्या भरल्या. पिशवीवरून माणूस कळतो, हे मला विचारा. कुणाची पिशवी नवऱ्याच्या जुन्या पँटची, खिसा अजून तसाच. कुणाची सुरतेच्या साड्यांच्या दुकानाची, ती मुद्दाम नाव दिसेल अशी अडकवायची. फाटकी पिशवी आणणारी बाई भोकावर बोट ठेवून उभी राहते, आणि सुगंधाबाई न बोलता भोकाची बाजू माझ्या पायाकडे वळवते. काहींचा जीव शेवटच्या दाण्यात. "हलवून भर वं, हलवून भर," म्हणत राहतात, जणू हलवल्यानं साखर वाढणार आहे.

मला एकाच गोष्टीचा संताप यायचा. आमच्याकडे लग्नाचा बाजार भरायची एक रीत आहे. रवा, साखर, डाळ, गूळ यांची पोती नंतर. आधी एक कोरी पिशवी अडकवायची आणि तिच्यात पहिली मूठ हळकुंडांची टाकायची. मग कुंकू, सुपारी, गुळाचा खडा. ती पहिली मूठ सवाष्णीच्या हातची लागते. त्यासाठी शेठाणी वरच्या मजल्यावरून खाली यायची, बांगड्या वाजवत मूठभर हळकुंडं टाकायची आणि परत वर जायची. आणि तेवढा वेळ सुगंधाबाई मागच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं. लग्नाची माणसं पायरी चढताना दिसली की ती आपणहून सरकायची.

मला वाटायचं, अगं, वर्षभर याच गावाची मीठमिरची तू भरतेस, त्यानं कुणाच्या पोटात दुखलं? हळदीनंच काय घोडं मारलंय? पण मी पडले लोखंडाची. माझं ऐकणार कोण?

एक्याण्णव सालच्या लग्नसराईत प्रमिलाबाई दुकानात आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, केळीचं वावर तिनं स्वतः सांभाळलं आणि दोन मुली वाढवल्या. आता थोरलीचं, लताचं लग्न होतं. बरोबर धाकटा दीर भाईदास. दराची घासाघीस प्रमिलाबाईनं केली, तांदूळ दातांखाली तिनं चावून पाहिला, गूळ बोटानं खरवडून पाहिला. भाईदास मान डोलवत होता. पण शेठनं कोरी पिशवी माझ्या कड्यावर अडकवली मात्र, ही वाघीण एकदम पायरीकडे सरकली आणि पदर ओढून भिंतीला टेकली. इकडे सुगंधाबाई पोत्यांमागे. दोघींची नजरानजर झाली, ती मी पाहिली.

शेठ वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारायला गेला आणि त्यानं जीभ चावली. शेठाणी माहेरी गेली होती.

"शेजारच्या वहिनींना बोलावतो," शेठ म्हणाला. "पाच मिनिटं."

"बोलवा, बोलवा. घाई नाही," भाईदास म्हणाला.

तेव्हा सुगंधाबाई पोत्यांमागून बाहेर आली. इतकी वर्षं स्वतःसाठी जी बोलली नाही, ती दुसरीसाठी बोलली. थेट प्रमिलाबाईसमोर जाऊन तिनं विचारलं, "अक्का, पोर कोनी शे?"

"मनीच शे," प्रमिलाबाई म्हणाली.

"मंग शेजारनी कसाले जोयजे? चाल, टाक."

"ए बाई," शेठ गल्ल्यावरून उठला, "तू तुझं काम कर. हे आमचं गिऱ्हाईक आहे. असलं काही केलंस तर उद्यापासून दुकानात पाय ठेवू नको."

सुगंधाबाईला दुसरं काम नव्हतं, तिच्यामागे कुणी नव्हतं, आणि शेठ बोललेलं पाळणारा माणूस होता. पण ती प्रमिलाबाईसमोरून हलली नाही. प्रमिलाबाई भिंतीपासून सुटली. तिनं हळकुंडांत हात घातला आणि मूठ माझ्या कड्यावरून आत सोडली. भाईदास "वहिनी, वहिनी" करत राहिला. मग ती शेठकडे वळून म्हणाली, "आते बाकीना बठ्ठा बाजार हाईच बाई भरी. नहीतर ऱ्हाऊ द्या. दुकानं दुसरीबी शेतस."

धंदेवाला माणूस. लग्नाचा एवढा मोठा बाजार पायरी उतरून जाताना त्याला कसा बघवेल? तो खाली बसला. "भर गं बाई, भर," म्हणाला. त्या दिवशी मी इतकी पोती धरली की एक पाय जरासा वाकला, तो अजून तसाच आहे. पण मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वाटलं, जिंकलो आपण.

कसलं जिंकलो. दोन वर्षांनी बातमी आली, लताचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. झालं. गावाला निमित्तच हवं होतं. "विधवेच्या हातची हळद, दुसरं काय होणार," "आईला बिचारीला काय कळतं, त्या दुकानातलीनं भरीला घातलं." काट्यासमोर उभं राहून, सुगंधाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. तिनंच भरलेल्या डाळीच्या पिशव्या उचलायचे आणि बोलायचे. लग्नाचे काही बाजार दुसऱ्या दुकानात गेले. शेठ तिला काढणार अशी बोलणी झाली. त्यानं काढलं नाही, पण तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि सुगंधाबाई? ती पुन्हा पोत्यांमागे जाऊ लागली. आता तर लग्नाची माणसं दुकानात असेपर्यंत बाहेरच यायची नाही. तिच्या मनानं घेतलं होतं की लोक म्हणतात ते खरं असेल. गावाचा मला राग होताच. आता तिचाही आला. लोखंडाला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी त्या वर्षी गंजून गेले असते.

पुढे शेठचा पुतण्या दुकानात बसायला लागला. त्यानं प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचा गठ्ठा खिळ्याला टांगला. फर्रकन ओढायची, भरायची, द्यायची. दोन किलो साखर भरली की त्यांचे कान तुटतात, ते सोडा. मला जिन्याखाली ढकललं आणि माझ्या अंगावर रिकामी पोती टाकली. सुगंधाबाईला माल निवडायच्या कामावर बसवलं. ती माझ्या अंगावरचं पोतं घ्यायला यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

मग या उन्हाळ्यात, लताच्या लग्नाला सात वर्षं झाल्यावर, प्रमिलाबाई पुन्हा आली. धाकटीचं लग्न होतं. केस पिकले होते, भाईदास या वेळीही मागे होता. माल पसंत झाला आणि पुतण्यानं प्लास्टिकची पिशवी ओढली.

"घोडी कोठे शे?" प्रमिलाबाईनं विचारलं.

मला ओढून बाहेर आणलं. अंगावर जळमटं, एक पाय वाकडा, पण उभी राहिले. कोरी पिशवी माझ्या कड्यावर चढली. या खेपेला शेठाणी घरीच होती. तिला हाक गेली, ती खालीही आली. भाईदास घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, या वेळी शेठाणीबाईंच्या हातानं होऊ दे. मागचं माहीत आहे ना?"

"शेठाणीबाई, तुम्ही बसा," प्रमिलाबाई म्हणाली. "सुगंधा, आठे ये."

पोत्यांमागून सुगंधाबाई आली, पण लांबच थांबली. "नको अक्का. मी सांगं म्हनीसन तू टाकी व्हती. लतानं बाळ गयं."

प्रमिलाबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि मग जे बोलली ते गावभर झालं. तिच्या बोलीतच सांगते.

"लतानं बाळ कसाले गयं, मी सांगस. आठवा महिना व्हता, अंगमा रक्त नव्हतं, आनी तिनी सासूनी तिले कापूस येचाले धाडं. ती सासू सवाशीन शे. हातभर हिरव्या बांगड्या शेतस तिन्या. तिना लग्नमा हयद सवाशीनीच टाकी व्हती."

भाईदास खाली बघायला लागला. शेठाणीनं आपल्या बांगड्यांवर पदर ओढला आणि, देव तिचं भलं करो, हळकुंडांची परात तिनं स्वतः उचलून सुगंधाबाईसमोर धरली.

"घे बाई," ती एवढंच म्हणाली.

सुगंधाबाईनं मूठ भरली. माझ्या कड्यावर येऊन ती मूठ थांबली. मला वाटलं, जाते ही परत. प्रमिलाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मूठ उघडली आणि हळकुंडं पिशवीत पडली. सुगंधाबाईला रडू कोसळलं. रडत रडतच तिनं कुंकवाची पुडी टाकली, सुपारी टाकली, गूळ टाकला, आणि पुतण्याला म्हणाली, "पोतं लाव पुढे. रवा ओतना शे."

तर अशी मी. काट्याशेजारची माझी जागा मला परत मिळाली आहे. पुतण्या अधूनमधून भंगारवाल्याचं नाव काढतो. काढू दे. मी शेठची नाही, सुगंधाबाईची आहे, आणि ती सध्या कुणाचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाही. गावही अजून बोलतं. धाकटीच्या संसाराकडे डोळे लावून बसलेत लोक. तिचं बरं झालं तर ते तिचं नशीब म्हणतील आणि वाईट झालं तर आमचं नाव घेतील. घ्या म्हणावं. आम्ही काय कुठे पळून चाललो नाही.

तुमच्या घरी लग्न असेल तर पिशव्या जरा दमदार आणा, पातळ आणू नका. आणि पहिली मूठ कोण टाकणार म्हणून जिन्याकडे बघू नका. बाई समोरच उभी आहे.