चंद्रीचं पळणं

उचगावच्या बाळासो गवळ्याची लेक तेजस्वी टीव्हीसाठी म्हैस काढते, हे गावाला पटायला दोन वर्षं लागली. त्याआधी पुण्यात सात वर्षं ती दुसऱ्यांच्या कार्टूनमधली माकडं नि राजपुत्र रंगवत होती. मग तिनं स्वतःची मालिका आणली, ‘निवांत चंद्री’. त्यात बाळासोच्या गोठ्यातली चंद्री म्हैस नुसती उभी असते. भोवती गाव भांडतं, वरात जाते, पुढारी भाषण ठोकतो. चंद्री रवंथ करते. हलतात ते कान, शेपूट आणि जबडा. जाड काळी रेघ, चार रंग, बास. तेवढ्यावर पोरं लोळून हसायची.

आता चॅनेलवाल्यांना पळापळ हवी होती. तेजस्वीनं कळवलं, “माझी म्हैस पळणार नाही. जिच्यावरून काढते, ती कुठं पळते?” तेव्हा चॅनेलचे सम्राट साहेब खरी चंद्री बघायला स्वतः निघाले. पटलं तर मालिका तशीच राहणार होती, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होती.

तेजस्वीनं आदल्या दिवशी बापाला बजावलं, “आबा, तुम्ही दूध द्या नि गप बसा. लई घोळ हाय ह्यात.”

“बसतो की,” बाळासो म्हणाला, आणि त्याच्या मनातही तसंच होतं.

गळ्यात चॅनेलचं ओळखपत्र अडकवलेल्या साहेबांनी धारोष्ण दूध घेतलं आणि पंधरा मिनिटं चंद्रीकडं बघितलं. चंद्रीनं त्यांच्याकडं बघितलं. एक कान हलवला.

“खरंच काही करत नाही ही,” साहेब हसले. तेजस्वीचा जीव भांड्यात पडला. साहेब उठता उठता सहज म्हणाले, “आजारी आहे का बिचारी?”

बाळासोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागं पळवतात. त्यात सलग चार वर्षं चंद्रीचा नंबर पहिला होता. तेजस्वीनं चॅनेलला नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं.

“आजारी? पावणं, हिच्या अंगावरचा गुलाल पंधरा दिवस निघत न्हाय.”

“आबा, बसा.”

“थांब गं. म्हशीला नाव ठेवलंय त्यांनी.”

त्यानं दावं सोडलं, सायलेन्सर काढलेली मोटरसायकल बाहेर घेतली. “बसा मागं.” साहेब भिडेखातर बसले. गाडी फटफटली, आणि रेडकू असल्यापासून त्या आवाजामागं धावायची सवय असलेली चंद्री सुटली. माळाच्या टोकापर्यंत जाऊन वरात परत आली तेव्हा साहेबांनी बाळासोला दोन्ही हातांनी कवळलं होतं.

तेजस्वी पेंडीच्या पोत्यावर बसली होती, मांडीवर वही. तिच्याकडं बघितल्यावर बाळासोला कळलं की आपण काय करून बसलो. चार वर्षांचा गुलाल त्याला एकदम नकोसा झाला.

“पळते की ही,” साहेब धापा टाकत म्हणाले. “पण मी तीनदा मागं वळून बघितलं. मला वाटत होतं, आज संपलो. आणि हिच्या तोंडावर काहीच नाही.”

“ती वैरणीचा इचार करत असती,” बाळासो हळूच म्हणाला.

तेजस्वीनं वही पुढं केली. खाली चार पाय हवेत, आणि वर तेच गोठ्यातलं निवांत तोंड. पुढं मोटरसायकलवर एक माणूस, डोळे ताटाएवढे, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर उडालेलं.

“पळेल. पण तोंड जागचं हलणार नाही,” ती म्हणाली. “हलायचं काम हा माणूस करेल.”

साहेबांनी वहीतल्या त्या माणसाला निरखलं, गळ्यातलं आपलं ओळखपत्र चाचपलं. “दर भागात पाहिजे हा. चित्रं तूच काढायची, अशीच.”

बाळासोनं वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ नेली. “शेपूट चुकलंय. पळताना ते वर असतंय.”

“खालीच होतं, आबा.”

“वर होतं,” साहेब म्हणाले. “मी बघितलंय की.”

तेजस्वीनं खोडरबर काढला.