ठेव म्हणून दिलेली उंदरीण

चार दिवस घर बंद ठेवायचं म्हटलं की माणसाचा जीव कशात अडकतो? पैशाअडक्यात नव्हे, मागं राहणाऱ्या मुक्या जनावरांत. इंग्लंडातल्या आमच्या ॲक्रिंग्टन गावच्या एनिड हारग्रीव्हजचं तेच झालं. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, बॅग भरून झाली, शेजारणीला किल्ली देऊन झाली, आणि बाई स्वयंपाकघरात पिंजऱ्यापुढं खुर्ची टाकून बसून राहिली. पिंजऱ्यात तिच्या दोन पाळीव उंदरिणी होत्या. एक टॅन्सी, दुसरी ब्रॅम्बल.

मंडळी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसू यायचं नाही. आमच्या भागात उंदीर पाळणारी माणसं काही आजची नाहीत. त्यांचं मंडळ आहे, चर्चच्या हॉलमध्ये त्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं उंदरांना नंबर मिळतात, आणि एखाद्या चांगल्या रंगाच्या पिलासाठी लोक वर्ष-वर्ष वाट बघतात. टॅन्सीला हाक मारली की ती दाराशी यायची, एनिडच्या बाहीतून चढून खांद्यावर बसायची आणि तिथून आरामात टीव्ही बघायची. नवरा गेल्यापासून एनिडला त्या घरात बोलायला तेवढंच कुणीतरी होतं.

मंडळात एक जुनी रीत होती. कुणी आजारी पडलं, गावाला गेलं, तर त्याची जनावरं दुसऱ्यानं सांभाळायची. त्याला ना मोबदला, ना चिठ्ठीचपाटी. सगळं शब्दावर चालायचं. एनिडनं शब्द टाकला तो नोरीन होलरॉइडकडं. दोघी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढता वाढता म्हाताऱ्या झालेल्या, सख्ख्या बहिणींनाही जमणार नाही इतकं एकमेकींचं जाणणाऱ्या. नोरीनकडं नर होते, पण ते माडीवरच्या खोलीत. तुझ्या खाली, माझे वर, तू तुझा गुडघा सांभाळ, असं ती म्हणाली आणि पिंजरा स्वतः उचलून घेऊन गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. टॅन्सीचा रंग धुरकट निळा होता, आणि तसा रंग मंडळात दुसऱ्या कुणाकडं उरला नव्हता. तिची एकदा तरी पिलं घे, असं नोरीननं नाताळाच्या सुमारास एनिडला सुचवलं होतं. एनिडनं साफ नकार दिला. उंदरिणीचं पहिलं बाळंतपण लहान वयातच व्हावं लागतं. वय उलटलं की कंबरेची हाडं आवळून येतात, पिलू अडकतं आणि आई जीवानिशी जाते. टॅन्सीचं वय केव्हाच उलटलेलं. नोरीन म्हणाली, बरं बाई, तुझी मर्जी. विषय तिथं संपला, निदान एनिडला तरी तसं वाटलं.

नोरीन दवाखान्यात द्राक्षं घेऊन यायची, टॅन्सीचे फोटो दाखवायची, आता ती माझ्याकडंच राहते म्हणतेय अशी चेष्टा करायची. तिथून सुटल्यावर एनिड आठवडाभर बहिणीकडं राहिली आणि मग काठी टेकत घरी आली. त्याच दिवशी नोरीननं दोघींना परत आणून सोडलं, आणि जाताना एनिडचा बिछानाही घालून दिला. एनिडनं तिचे हात धरून आभार मानले.

पुढच्या आठवड्यात टॅन्सीचं पोट दिसू लागलं. एनिडचा हात त्या अंगावरून रोज फिरायचा, तिला फरक कळायचाच. अशा वयात गाठीही होतात. पण टॅन्सी वर्तमानपत्राचे कपटे करून कोपऱ्यात नेऊ लागली, ब्रॅम्बलला जवळ फिरकू देईना. गाभण तर नाही? शंका आली तशी एनिडला शंकेचीच लाज वाटली. तरी तिनं फोन करून विचारलं, की चुकून एखादा नर तिच्याजवळ गेला होता का.

नोरीननं आकाशपाताळ एक केलं. "टोस्टच्या कडा भरवतेस तिला दिवसभर, पोट सुटणार नाही तर काय? आणि संशय माझ्यावर घेतेस? इतक्या वर्षांत हेच ओळखलंस का मला?" पुढं रडण्याचा आवाज आला. एनिड इतकी ओशाळली, की दुसऱ्या दिवशी आल्याचा केक भाजून, काठी टेकत, दुखरा गुडघा ओढत ती माफी मागायला नोरीनच्या दारात गेली. आणि मंडळी, नोरीननं तो केक घेतला. जाऊ दे, मी मनावर नाही घेतलं, असंही वर म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरणीनं पोट चाचपलं आणि पहिला प्रश्न केला तोच, नर जवळ आला होता का? एनिड ठामपणे म्हणाली, शक्यच नाही, ती नोरीनकडं होती. मग ही गर्भाशयाची गाठ असेल, थोडे दिवस औषध देऊन ताकद आणू आणि मग कापू, असं डॉक्टरणीनं ठरवलं. एवढ्याशा जिवाची तपासणी माणसाच्या सांगण्यावरच चालते, आणि सांगणाऱ्या माणसाला कुणीतरी खोटं सांगून ठेवलं होतं. तरी एनिडचं मन खात होतं. तिनं ब्रॅम्बलला वेगळं ठेवलं, बुटाचं खोकं आडोशाला दिलं, उकडलेलं अंडं नि दलिया सुरू केला. गाठ असली तरी ह्यात काही वाईट नव्हतं.

मग एका सकाळी विल्फ एंटविसलचा फोन आला. विल्फ मंडळातला सगळ्यात जुना माणूस, ऐंशीच्या पुढचा, प्रदर्शनात परीक्षक. त्याचा सूर नेहमीचा नव्हता.

"एनिड, रागावू नकोस. पण ह्या वयाच्या मादीला पिलं? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. नोरीननं मला त्यातलं एक पिलू कबूल केलंय. मला ते नकोय, एवढं सांगायला फोन केला."

एनिडला सगळं एकदम उलगडलं. आमच्याकडं पिलं जन्मायच्या आधीच कबूल होतात, ही रीतच आहे. नोरीननं कबूल करताना एवढंच गृहीत धरलं होतं, की विल्फ एनिडशी बोलणार नाही. विषय काढला तेव्हाचं 'तुझी मर्जी' खोटं, द्राक्षं खोटी, फोनवरचं रडणं खोटं. ज्या हातांनी बिछाना घातला, त्याच हातांनी नोरीननं केसानं गळा कापला होता. आणि मंडळात नाव खराब झालं ते एनिडचं. तिला राग आधी आला की रडू, ते तिलाच कळलं नाही.

तेवढ्यात तिची नजर पिंजऱ्याकडं गेली. टॅन्सी पाठीची कमान करून कोपऱ्यात कुंथत होती, खाली रक्ताचे थेंब होते, आणि पिलू एकही नव्हतं.

डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं, लगेच घेऊन या, पण मला नराबरोबरचा दिवस कळायला हवा. दिवस भरून उलटले असतील तर मी ताबडतोब पोट उघडते. भरले नसतील तर रक्त दुसऱ्या कशाचं आहे, आणि अशा अशक्त जिवाला उगाच भूल दिली तर ती टेबलावरच जाईल.

एनिडनं खरं काय ते कळवताच विल्फ आपली जुनी गाडी घेऊन आला. टॅन्सीला फडक्यात गुंडाळून, डबा मांडीवर धरून एनिड नोरीनच्या दारात उतरली. नोरीन आधी म्हणाली की पिंजरा धुताना चुकून झालं असेल, तिला कळलंसुद्धा नाही.

"कळलं नाही, तर मला पिलू कसं कबूल केलंस?" विल्फनं विचारलं.

उलट नोरीनचाच आवाज चढला. तिनं काय मारायला सोडलं होतं का टॅन्सीला नराजवळ? तासाभराचा तर प्रश्न होता. तो रंग कायमचा गेला असता, मंडळाचं नुकसान झालं असतं, तिनं हे स्वतःसाठी थोडंच केलं.

"आणि तुला विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का?" तिनं एनिडलाच सुनावलं.

"नाही," एनिड म्हणाली. "म्हणूनच तर विचारायचं असतं."

विल्फनं डब्याचं झाकण उघडून नोरीनपुढं धरलं. तो ओरडला नाही. तो म्हणाला, "मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, पोरी. तू मला फसवलंस, ते मी पचवीन. एनिडला फसवलंस, ते तुम्ही दोघी बघाल. पण हिनं तुझं काय केलं होतं? ही तुझ्या हातावर बसून खात होती. ठेव म्हणून घरात आलेला जीव आपला नसतो, एका तासापुरताही नसतो. आता दिवस सांग. खोटं बोलायची चैन हिला परवडणार नाही."

टॅन्सीनं एकदा डोळे उघडले आणि मिटले. नोरीनचा चेहरा उतरला. ती खाली बसली आणि एनिडकडं न बघता म्हणाली, "तुझं ऑपरेशन होतं, त्या दिवशी. तू भूल घेऊन पडली होतीस तेव्हा."

दिवस उलटून गेले होते. डॉक्टरणीनं क्षणभरही थांबायचं नाही असं ठरवलं. नोरीनही मागोमाग दवाखान्यात आली, दाराजवळच्या बाकावर बसली, आणि तिच्याशी कुणी बोललं नाही. तासाभरानं डॉक्टरीण बाहेर आली. पहिलंच पिलू अडकलं होतं, त्याच्यामागची सगळी आतच गेली होती. टॅन्सी मात्र जगेल, कदाचित. नराबरोबरचा दिवस आज कळला नसता तर तिनं संध्याकाळ बघितली नसती.

नोरीननं पिलं बघायला मागितली. बोटाच्या पेराएवढे गुलाबी जीव कापसावर ओळीनं ठेवलेले. ज्या रंगासाठी हे सगळं केलं, तो रंग कळायला त्यांच्या अंगावर केसही नव्हते. नोरीन तिथंच भिंतीला धरून रडली, आणि या वेळचं रडणं खरं होतं.

टॅन्सीला एनिडनं थेंबाथेंबानं दूध-पाणी पाजून उभं केलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत नोरीन आपणहून उठली. एनिडनं नकार दिला होता, मी चोरून केलं आणि विचारल्यावर खोटं बोलले, असं तिनं सगळ्यांपुढं सांगितलं. वाणाच्या नावाखाली मी माझी हौस भागवली, यापुढं दुसऱ्याचं जनावर मी घरात घेणार नाही, असंही ती म्हणाली. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी तोंडही फिरवलं नाही.

त्यानंतर ती एनिडच्या दाराशी आली. पिंजऱ्याकडं बघायचा तिला धीर होईना. पुन्हा कधी विश्वास ठेवशील का, असं तिनं हळूच विचारलं.

एनिड मऊ मनाची, पण आता तिला खोटं बोलायचं नव्हतं. "तू खरं सांगितलंस म्हणून ही जगली, ते मी विसरणार नाही. चहाला ये, नोरीन, हवं तर रोज ये. पण टॅन्सीला तुझ्या हातात मी पुन्हा देणार नाही."

नोरीननं मान हलवली आणि ती चहाला बसली.

मंडळी, उंदीर म्हणून ही गोष्ट सोडून देऊ नका. कुणाचं मूल, कुणाचे म्हातारे आईवडील, कुणाचं घर आपल्या भरवशावर ठेवलं जातं, तेव्हा त्यांच्यावर आपला हक्क होत नाही, फक्त जबाबदारी होते. नकार मिळेल म्हणून न विचारणं ही चोरीच आहे. हातून चूक झालीच तर लगेच सांगा, कारण आपली अब्रू वाचवायला आपण जेवढा वेळ घेतो, तो वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून जातो. नोरीनला हे पटलं, पण पटेपर्यंत पिलं गेली होती.