आईचं निळं पाकीट

कागदावर आहे ते आहे, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले. आता कुणाला तोंड दाखवू?

गावची शाळा ठेवायची की बंद करायची, यावर त्या रविवारी मतदान होतं. बरोबरी झाली तरी शाळा बंद. आईने तिथे एकतीस वर्षं शिकवलेलं. अंथरुणावरूनच तिने टपालाने मत दिलं, आणि गुरुवारी पहाटे ती गेली. सगळे म्हणाले, "फ्राउके, घरी बस." पण टपालमतांच्या टेबलाची प्रमुख मी. गेले.

दुपारी मी, एनो आणि इल्सेबाई, आम्ही तिघं टपालाने आलेली लाल पाकिटं फोडत होतो. आत सहीचा कागद आणि मतपत्रिकेचं बंद निळं पाकीट. कागद ठीक असला की निळं पेटीत, उघडायचं सहानंतर. आईचं लाल पाकीट नेमकं माझ्याच हाती आलं. मत धाडल्यावर माणूस गेलं तरी मत धरतात. पेटीत टाकणार, तोच तारीख दिसली. शुक्रवारची! आकडे बाबांचे, ताठ, छापल्यासारखे. वर सही थरथरलेली.

अगं बाई! गुरुवारी गेलेली बाई शुक्रवारी सही करते? माझ्या बाबांनी खोटी सही केली?

"टाक गं पेटीत," एनो पुटपुटला. "नाहीतर तुझ्या बाबांना फोन तरी लाव."

"कागदावर आहे ते आहे," मी म्हटलं आणि नकाराचा हात वर केला. शेजारच्या इल्सेबाईंनी माझ्याकडे बघून वर केला. दोन विरुद्ध एक. निळं पाकीट न उघडताच बाद झालं.

सातला निकाल लागला. ठेवा, तीनशे अठरा. बंद, तीनशे अठरा. एनो टोपी घालून निघून गेला.

घरी बाबा चहा घेऊन बसले होते. बूटही न काढता मी कडाडले, "आईची सही तुम्ही ठोकलीत? लाज नाही वाटली?"

"मी कशाला? मंगळवारी तिनेच केली, उशीला टेकून. बुधवारी मी टपालात टाकलं."

"मग शुक्रवार कुठून आला?"

"तारखेची जागा तिने रिकामीच सोडलेली. तसं कसं चालेल? टपालाला दोन दिवस लागतात. पोचेल त्या दिवशीची घातली."

मी बूट घालूनच खुर्चीत बसले.

बाबांनी माझ्या कपात खडीसाखर टाकली. "पोचलं ना गं, पोरी, तिचं मत वेळेत?"